सर्वांची एक वेळ : घटिकापात्रापासून सर्व्हरच्या घड्याळापर्यंत

आपल्या मंडपात आरतीची वेळ फळ्यावर लिहिलेली असते आणि त्या वेळेला निम्मी मंडळी अजून चपला काढत असतात, हे काही नवीन नाही. मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक गोष्ट बदलली आहे. पूर्वी उशिरा येणारा माणूस मनगट दाखवून म्हणायचा, "माझ्या घड्याळात अजून पाच मिनिटं आहेत." आता तसे म्हणायची सोय उरली नाही. लहान मुलापासून आजोबांपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर एकच वेळ असते.

ही एकी आपोआप आली असे आपल्याला वाटते. आम्हालाही तसेच वाटत होते. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन आम्ही राज्य शासनाच्या नोकरीत लागलो आणि पुढे संगणक कक्षात आलो, तरीही बरीच वर्षे घड्याळ ही विचार करण्याची बाब वाटली नव्हती. काही वर्षांपूर्वी एक प्रसंग घडला आणि आम्हाला विचार करावा लागला. तो प्रसंग पुढे येईलच. आधी थोडे मागे जाऊ या, कारण या विषयाची सुरुवात आपल्या दारातूनच होते.

उज्जैनची रेषा

इंदूरहून उज्जैन तासा-दीड तासाच्या अंतरावर. महाकाळाच्या दर्शनाला आपण सारेच जातो, पण क्षिप्रेकाठच्या वेधशाळेत फार थोडे जण वळतात. ग्रीनविचचे नाव कोणी ऐकले नव्हते त्या काळी आपले ज्योतिषी पृथ्वीची मध्यरेषा उज्जैनवरून जाते असे धरून गणित करीत. सूर्यसिद्धान्तात ही रेषा लंका, अवंती आणि कुरुक्षेत्र यांवरून जाते असे मानले आहे. अठराव्या शतकात माळव्याची सुभेदारी असताना सवाई जयसिंगाने येथे वेधशाळा बांधली. पुढे ती मोडकळीस आली, तेव्हा १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी तिचा जीर्णोद्धार केला. गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्गणितज्ञाने तिचे काम सांभाळले. आजही ती जीवाजी वेधशाळा या नावाने चालू आहे.

तेथील सम्राट यंत्रावर सावली पाहिली आणि मोबाइल पाहिला, तर दोन्ही वेळा जुळत नाहीत. यंत्र चुकलेले नाही. उज्जैनचा सूर्य भारतीय प्रमाण वेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे असतो. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे सूर्याची सावली वर्षभरात कधी १४ मिनिटे मागे, तर कधी १६ मिनिटे पुढे पडते. म्हणूनच यंत्रापाशी कोणत्या दिवशी किती मिनिटे मिळवायची याचे कोष्टक लावलेले आहे.

म्हणजे प्रत्येक गावाला स्वतःची वेळ असते. इंदूरचा मध्यान्ह प्रमाण वेळेपेक्षा साडेसव्वीस मिनिटे उशिरा, ग्वाल्हेरचा सतरा, हैदराबादचा सोळा, बेळगावचा बत्तीस आणि वडोदऱ्याचा सदतीस मिनिटे उशिरा. मुंबई-पुण्याला छापलेले पंचांग इंदूरच्या घरात वापरताना आपले आजोबा पेन्सिलीने मिनिटे कमी करीत, ते यामुळेच. मुंबई आणि इंदूर यांच्यात केवळ रेखांशामुळे बारा मिनिटांचे अंतर पडते. गणपतीची स्थापना मध्यान्हकाळी करायची, तर तो मध्यान्ह मुंबईचा नव्हे, आपल्या गावचा असायला हवा.

त्या काळी मोजण्याचे साधन होते घटिकापात्र. तांब्याची वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र. पाण्यावर सोडली की २४ मिनिटांत भरून बुडते. दिवस-रात्र मिळून अशा ६० घटका. लग्नात ती वाटी बुडताना सर्व मंडळी एकाच पात्राकडे पाहत आणि भटजींनी घटका भरली म्हटले की भरली. दुसऱ्या गावच्या पात्राशी ते जुळवून घेण्याची कोणाला गरज नव्हती.

आगगाडी आली आणि गावांच्या वेळा भांडू लागल्या

गरज पडली ती आगगाडीमुळे. एकाच रुळावर समोरासमोरून गाड्या येणार असतील, तर दोन स्टेशनमास्तरांच्या घड्याळांत दहा मिनिटांचा फरक म्हणजे अपघाताला आमंत्रण. मद्रासची वेधशाळा कंपनी सरकारने १७९२ साली उभारली होती. तेथली वेळ मुंबई आणि कलकत्ता यांच्या मधली. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सगळ्या रेल्वेने मद्रास टाइम स्वीकारला आणि ती वेळ तारेने स्टेशनांना कळवली जाऊ लागली. दूरच्या घड्याळाला निरोप पाठवून जुळवण्याची आपल्या देशातली ही पहिली मोठी व्यवस्था. तार गेली आणि तिच्या जागी संगणकाचे जाळे आले, पण तत्त्व तेच राहिले.

स्टेशनाबाहेर मात्र गावे आपल्याच वेळेने चालत. मद्रास टाइम मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे होता. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कारभारात मद्रास टाइम लागू केला. लोकांनी तो मानलाच नाही. दोन वर्षांत, १८८३ साली, सरकारला तो मागे घ्यावा लागला.

पुढे १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनविचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाण वेळ आली. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावर ती बेतलेली आहे. मुंबईत पुन्हा वादळ उठले. नवी वेळ मुंबईच्या वेळेहून ३९ मिनिटे पुढे. गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाने साडेपाचला झाला, तर खऱ्या सूर्याने ती वेळ पाच वाजायला नऊ मिनिटे कमी अशी होते. म्हणजे कामगाराची ३९ मिनिटांची झोप एका हुकुमाने गेली. त्या महिन्यात गिरणी कामगारांनी काम बंद ठेवून विरोध केला, सभा झाल्या, आणि महापालिकेने आपली घड्याळे मुंबई टाइमवरच ठेवली. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे ही दुहेरी व्यवस्था रेंगाळली. जुन्या आमंत्रणपत्रिकांवर वेळेपुढे 'स्टँ. टा.' छापलेले दिसते, ते याच काळाचे अवशेष. कलकत्त्यानेही आपली वेगळी वेळ १९४८ पर्यंत सांभाळली. दुसऱ्या महायुद्धात तर १९४२ ते १९४५ या काळात सगळ्या देशाची घड्याळे आणखी तासभर पुढे केलेली होती.

या भांडणाला आज आपण हसतो. परंतु मुंबईकरांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. वेळ बदलली की ओझे कोणाच्या तरी अंगावर पडते. सगळ्यांची वेळ एक असावी हे खरे, पण ती एकदम ओढून आणली तर काय होते, हे मुंबईने दोनदा पाहिले. संगणकाच्या घड्याळांचा इतिहासही हेच सांगतो.

संगणकाचे घड्याळ का चुकते

आपल्याला वाटते, संगणकाचे घड्याळ कसे चुकेल? पण ते मनगटावरच्या घड्याळाइतकेच साधे असते. आत क्वार्ट्‌झचा छोटा स्फटिक असतो, त्याची कंपने मोजली जातात. उन्हाळ्यात खोली तापली की कंपने बदलतात, स्फटिक जुना झाला की बदलतात. दिवसाला एक-दोन सेकंदांचा फरक ही अगदी नेहमीची गोष्ट. महिन्याला मिनिट झाले, वर्षाला दहा-बारा मिनिटे. लिनक्स सर्व्हरमध्ये तर घड्याळे दोन: एक बटणाएवढ्या सेलवर मशीन बंद असतानाही चालणारे, आणि दुसरे मशीन सुरू झाल्यावर पहिल्याकडून वेळ घेऊन स्वतंत्रपणे चालणारे. दोन्ही आपापल्या परीने चुकतात.

एकच संगणक असेल तर फारसे बिघडत नाही. तो गावच्या घटिकापात्रासारखा आपल्यापुरता खरा. पण चार सर्व्हर एकमेकांशी बोलू लागले की आगगाडीसारखी अवस्था होते.

यावरचा उपाय शोधणारे डेव्हिड मिल्स हे अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक होते. जन्म १९३८, काचबिंदूमुळे लहानपणापासून नजर अधू. इंटरनेट अगदी बाल्यावस्थेत असताना, १९८० च्या सुमारास, दूरदूरची यंत्रे एकमेकांशी वेळ कशी जुळवतील या प्रश्नावर त्यांनी काम सुरू केले. सप्टेंबर १९८५ मध्ये त्याची पद्धत लिखित स्वरूपात प्रसिद्ध झाली. तिला एनटीपी म्हणतात. उतारवयात त्यांची दृष्टी गेली तरी त्यांचे काम चालू होते. १७ जानेवारी २०२४ रोजी ते वारले. आज जगातला जवळजवळ प्रत्येक सर्व्हर त्यांच्या पद्धतीने किंवा तिच्या वंशजाने वेळ विचारतो.

पत्र पाठवून वेळ विचारण्याची युक्ती

ही युक्ती आपल्याला पत्राच्या उदाहरणाने समजेल. इंदूरच्या माणसाने दिल्लीला पत्र टाकून विचारले, "आपल्याकडे किती वाजले?" उत्तर येईपर्यंत ते शिळे झालेले असणार. मग करायचे काय?

पत्रावर चार वेळा लिहायच्या. समजा आमच्या घड्याळात बरोबर १० वाजता निरोप निघाला. दिल्लीच्या घड्याळाने तो १० वाजून ५ मिनिटे २ सेकंदांनी पोहोचला. दिल्लीने एक सेकंद घेऊन १० वाजून ५ मिनिटे ३ सेकंदांनी उत्तर पाठवले. ते आम्हाला आमच्या घड्याळाने १० वाजून ५ सेकंदांनी मिळाले. आमच्या हिशेबाने एकूण ५ सेकंद गेले, त्यातला एक दिल्लीत खर्च झाला, म्हणजे प्रवास ४ सेकंदांचा. जाताना दोन, येताना दोन असे धरले, तर निरोप पोहोचला तेव्हा आमच्याकडे १० वाजून २ सेकंद झाले असणार. दिल्लीकडे होते १० वाजून ५ मिनिटे २ सेकंद. म्हणजे आम्ही बरोबर पाच मिनिटे मागे. सारे गणित एवढेच. प्रत्यक्षात हे सेकंदाच्या हजाराव्या भागात चालते आणि पुन्हा पुन्हा होत राहते.

दिल्ली आम्ही उगाच घेतली नाही. भारताची प्रमाण वेळ राखण्याचे काम नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे, म्हणजे एनपीएलकडे आहे. तेथे सीझियमची अणुघड्याळे आहेत. अणुघड्याळाला थेट जोडलेला सर्व्हर पहिल्या पायरीचा, त्याला विचारणारा दुसऱ्या पायरीचा, अशी उतरंड पंधराव्या पायरीपर्यंत मोजतात. सोळावी पायरी म्हणजे ज्याचे कोणाशीच जुळलेले नाही तो.

पण ज्याला विचारले तोच चुकला असेल तर? मिल्स यांनी याचाही विचार केला. एकालाच विचारू नये. दोघांना विचारले आणि दोघांत मतभेद झाला, तर खरे कोण हे कळत नाही. तिघे असतील तर दोघांचे जुळते म्हणून तिसरा खोटा ठरवता येतो. त्यांपैकी एखादा बंद पडला तरी अडू नये म्हणून चार. गावचे पंच बसवतात तसेच हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुरुस्तीची रीत. थोडासा फरक असेल तर घड्याळाचा काटा ओढायचा नाही. घड्याळ किंचित मंद किंवा जलद चालवायचे आणि हळूहळू जुळवून घ्यायचे. लिनक्समध्ये याची जुनी मर्यादा सेकंदाला अर्धा हजारांश अशी आहे. म्हणजे एक सेकंद भरून काढायला २,००० सेकंद, सुमारे तेहतीस मिनिटे लागतात. फरक मोठा असेल तर एकदम उडी मारावी लागते. आणि १,००० सेकंदांहून जास्त असेल तर जुन्या पद्धतीची ही सेवा स्वतःच थांबते. काहीतरी गंभीर घडले आहे, आता माणसाने येऊन पाहावे, असा त्याचा अर्थ.

एका सेकंदाचा गोंधळ

उडी मारू नये असे का म्हणतात, ते १ जुलै २०१२ च्या पहाटे जगाला कळले. पृथ्वी अणुघड्याळाइतकी काटेकोर फिरत नाही. म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक जादा सेकंद घालण्याची प्रथा आहे. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. चंद्राचे महिने आणि सूर्याचे वर्ष जुळवण्यासाठी आपण अधिक महिना धरतोच. २०२३ साली अधिक श्रावण आला म्हणून गणपती १९ सप्टेंबरला बसले होते. हा तसाच अधिक सेकंद. त्या दिवशी आपल्याकडे पहाटे ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर साडेपाच न वाजता साठावा सेकंद आला.

लिनक्सच्या गाभ्यात तो हाताळताना एक चूक राहिली होती. आतली दोन घड्याळे एका सेकंदाने वेगळी झाली आणि अनेक प्रोग्रॅम थांबायचे तेवढे थांबेनात. सर्व्हर नुसतेच गरगर फिरू लागले. ऑस्ट्रेलियात क्वांटास विमानसेवेचे चेक-इन अडले, प्रवासी रांगेत ताटकळले. गंमत म्हणजे पुष्कळ ठिकाणी उपाय एवढाच होता की त्या संगणकाला त्याचीच वेळ पुन्हा एकदा सांगायची. आजवर असे २७ सेकंद घातले गेले, शेवटचा २०१६ च्या अखेरीस. २०३५ पर्यंत ही प्रथा थांबवावी असा आंतरराष्ट्रीय निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला आहे.

सात मिनिटे वीस सेकंद

आता आमचा प्रसंग. कार्यालयाचे नाव सांगत नाही. विद्यार्थ्यांचे अर्ज ऑनलाइन घेतले जात होते, शेवटची मुदत संध्याकाळी ५ ची. चार दिवसांनी एक गृहस्थ हातात दोन कागद घेऊन आले. मुलीने अर्ज वेळेत भरला, फीची पावती ४ वाजून ५४ मिनिटांची आहे, आणि तरी अर्ज 'मुदतीनंतर' म्हणून बाद झाला आहे, असे त्यांचे म्हणणे. अर्जावर शिक्का होता ५ वाजून १ मिनिटाचा.

खरे सांगायचे तर आमचा पहिला विश्वास शिक्क्यावर बसला. "पैसे भरल्यावर सात मिनिटं कुठं तरी गेली असतील, काका," असे आमच्यातल्या एकाने त्यांना सांगितलेही. ते काही न बोलता बाकावर बसून राहिले. त्यांच्या बसून राहण्यामुळेच आम्ही लॉग, म्हणजे सर्व्हरच्या रोजच्या नोंदवह्या उघडल्या. अर्जाच्या सर्व्हरने लिहिले होते की मुलीला फी भरायला ५ वाजता पाठवले. फीच्या सर्व्हरने लिहिले होते की ती ४ वाजून ५३ मिनिटांनी आली. पत्र टाकण्यापूर्वीच ते पोहोचले होते.

अर्जाच्या सर्व्हरचे घड्याळ ७ मिनिटे २० सेकंद पुढे होते. काही महिन्यांपूर्वी वीज गेल्यावर तो बंद करून पुन्हा सुरू केला गेला होता. वेळ जुळवणारी सेवा आपोआप सुरू व्हावी अशी नोंद त्यात नव्हती. तेव्हापासून तो आपल्या स्फटिकावर एकटाच चालला होता आणि कोणी पाहिले नव्हते. पाहायचे काम आमचे होते.

घड्याळ हळूहळू जुळवायचे म्हटले तर तेवढ्या फरकाला दहा दिवस लागले असते. एकदम मागे ओढले तर तीच सात मिनिटे नोंदींत दोनदा आली असती. म्हणून रात्री सेवा बंद करून घड्याळ लावले आणि पुन्हा सुरू केले. मग त्या संध्याकाळच्या सगळ्या नोंदी काढल्या. खऱ्या वेळेने मुदतीत असलेले आणि बाद झालेले अर्ज अकरा निघाले. वरिष्ठांनी लेखी मंजुरी दिली आणि आम्ही एकेकाला फोन लावले. नऊ जणांचे काम झाले, त्यांत त्या काकांची मुलगी होती. दोघांचे झाले नाही. एकाने दुसरीकडे नाव घातले होते, एकाचा फोन लागलाच नाही. ते दोघे तक्रार घेऊन आले नव्हते. घड्याळ चुकले असेल अशी शंका त्यांना येण्याचे कारणच नव्हते.

२८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने देशभरच्या यंत्रणांना सांगितले की आपली घड्याळे एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवून ठेवावीत. पुष्कळांना ती आणखी एक सरकारी कटकट वाटली. आम्हाला त्या बाकावरचे काका आठवले.

आता आमच्या कक्षात प्रत्येक सर्व्हर चार ठिकाणी वेळ विचारतो. रोज सकाळी आल्यावर कोणीतरी एक जण सर्व सर्व्हरांचा फरक वहीत लिहितो. आकडे बहुधा सेकंदाच्या हजाराव्या भागातले असतात आणि ते लिहिताना कंटाळा येतो. तरी ती वही आम्ही बंद केलेली नाही. यंदा आरतीला आलात की मोबाइलमध्ये वेळ पाहालच. ती तिथे रोज कोणीतरी आणून ठेवत असते, एवढेच सांगायचे होते.

गणपती बाप्पा मोरया!